भावाच्या नावाचं कपाट

जयाच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस उंबऱ्यातच थबकतो. आत यावं, की घरवाल्यांचं रंगकाम उरकेपर्यंत अंगणातच थांबावं, हे त्याला कळत नाही. भिंती पांढऱ्या, पण मधूनच खालचा जुना निळा डोकावतोय. खुर्च्यांच्या कडा खरवडलेल्या. खिडक्यांना पडदे म्हणून जुनी सुती लुगडी, आणि त्यांच्या काठाला शिवलेली क्रोशाची लेस चहाच्या पाण्यात बुडवून मुद्दाम पिवळट केलेली. दाराशी पोचे आलेला दुधाचा कॅन, त्यात शेवंतीची फुलं.

"रंग अर्धाच लागला काय गं?" असं कुणी विचारलं, की जया न चिडता सांगते, "अर्धा नाय, पुरा लावला. मग अर्धा काढला."

"आन् कशाला?"

"साजरं दिसतं म्हणून."

पुढं विचारायची सोय नसते. जया तोवर चहा टाकायला आत गेलेली असते.

चौक गावाच्या अलीकडं, मुख्य रस्ता सोडून नदीच्या अंगाला वळलं की सुट्टीच्या बंगल्यांची रांग लागते. त्यातल्या एका बंगल्याच्या किल्ल्या जयाकडं असतात. झाडलोट, बागेला पाणी, मालक यायच्या आदल्या दिवशी गाद्यांना ऊन. नवरा प्रवीण चौकच्या स्टँडवर मिनीडोर चालवतो. मुलगी अपेक्षा कर्जतला एका दवाखान्यात कामाला जाते. घर म्हणाल तर दोन खोल्या, पडवी आणि पुढं अंगण. जयाला या घराची कधी लाज वाटली नाही, पण कौतुकानं वळून बघावं असंही त्यात काही नव्हतं. घरातली जी वस्तू बरी, ती झाकलेली असायची. टीव्हीवर कव्हर, खुर्च्यांवर दुकानातनं आलेलं प्लास्टिक तसंच. चांगले कप काचेच्या मागं. आणि वस्तू जुनी झाली, की ती मोरीकडं किंवा माळ्यावर. जुनेपण दिसता कामा नये, एवढाच घर सजवायचा नियम.

हा नियम मोडला एका टेबलानं.

बंगल्याच्या प्राची मॅडमनी मुंबईहून टेबल मागवलं होतं. टेंपोतून ते खाली उतरलं तशी जया ओरडली, "मॅडम, सही करू नका! यानं पार घासवलंय!"

टेंपोवाला तिथंच उभा. "ओ बाई, मी नाय घासवलं. गोदामातनंच असं दिलं."

"असं कोन देतं? चारी कोपरे गेलेत!"

प्राची मॅडम हसत हसत पायरीवर बसल्या. "अगं जया, चारी कोपरे गेलेत म्हणून तर घेतलंय."

मग त्यांनी सांगितलं. शॅबी शीक म्हणतात याला. वस्तू वापरलेली वाटली पाहिजे, उन्हात विटलेली, हात लागून लागून झिजलेली. पण देखणी.

जयानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडं सगळंच तसं हाय मग. नुसतं देखणं नाय."

हे ती हसण्यावारी बोलली खरी, पण त्या दिवसापासून टेबल पुसताना तिचा हात त्या उघड्या पडलेल्या कोपऱ्यांवर रेंगाळू लागला. खालून लाकडाच्या रेषा दिसत होत्या. नव्या वस्तूला हात लावताना ती नेहमी आधी पदराला हात पुसायची. या टेबलाला तसं करावंसं वाटत नव्हतं. ते टेबल म्हणत होतं, ठेव गं हात, तुझ्यासारखे कितीतरी हात लागलेत मला.

बंगल्याच्या रंगकामातून उरलेले डबे मॅडम फेकायला निघाल्या, तेव्हा जया म्हणाली, "मला द्या." तिथून सुरुवात झाली. अपेक्षानं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले. बोलणं परदेशी, पण हात काय करतायत ते दिसत होतं. पांढऱ्या रंगात प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड कालवायची, भज्यांच्या पिठासारखी सरबरीत. रंग लावायच्या आधी कोपऱ्यांवर मेणबत्ती घासायची, म्हणजे तिथं रंग धरत नाही. वाळला की पॉलिश पेपरनं हलकं घासायचं. पहिली खुर्ची तिनं एवढी घासली, की ती सोलल्यासारखी दिसायला लागली. दुसरी जरा जमली. तिसरीवर बसून प्रवीणनं पितळीतली भाकरी मोडत जाहीर केलं, "लोकं जुन्याचं नवं करतात. ही बाई नव्याचं जुनं करते. माझ्या मिनीडोरला तेवढा हात लावू नकोस."

"तिला काय करायचंय? ती आधीच शॅबी हाय."

कर्जतचा भंगारवाला तिला ओळखू लागला. "ताई, लोक येऊन चांगलं निवडून नेतात. तुम्ही मोडकं निवडता." त्याच्याकडून तिनं गज गंजलेली एक खिडकी आणली आणि तिच्यात आरशाचे तुकडे बसवून भिंतीला लावली. सासूच्या लोखंडी ट्रंकेचा टीपॉय झाला. मासळीच्या फुटक्या टोपलीतून दिवा लोंबकळू लागला. शेजारची जिजा रोज येऊन एक फेरी मारायची. "काल नव्हतं ते काय आलं गं आज?" म्हणून नाक मुरडायची. एक दिवस तिनं हळूच स्वतःचं स्टूल आणलं. म्हणाली, "हे पण कर. पण जास्त फाटकं नको."

घर होत आलं. एक कपाट तेवढं राहिलं होतं.

कपाट जयाच्या धाकट्या भावाचं, म्हणजे त्यानं तिला लग्नात दिलेलं. धाकलू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. चौकला जुन्या हायवेवर एका पेंटरच्या हाताखाली ट्रक रंगवायला शिकत होता. बहिणीचं लग्न ठरलं तशी त्यानं आपली सगळी मिळकत एका सुताराच्या हातावर ठेवली, आंब्याच्या लाकडाचं दोन दारांचं कपाट करून घेतलं आणि ते स्वतः रंगवलं. डाव्या दाराला आरसा. उजव्या दारावर चोचीला चोच लावलेले दोन पोपट, आणि त्यांच्याखाली ट्रकवर असतात तशी लाल अक्षरं, पिवळी कड, काळी सावली : बंधू धाकलूकडून सप्रेम भेट. त्या वेळी मालकानं त्याला ट्रकच्या मागचे नंबरसुद्धा लिहू दिले नव्हते. त्याच्या हातची पहिली पुरी ओळ ती ही. कपाट उघड्या टेंपोतून मांडवात उतरलं, तेव्हा लोक नवरदेवाला सोडून त्याच्याभोवती जमले होते. "मी एकटाच उभा होतो," प्रवीण अजून सांगतो.

आता अपेक्षाची सोयरीक जमली होती. मुलगा नेरळचा, हर्षद. बघण्याचा कार्यक्रम कर्जतला मावशीच्या घरी झाला होता, त्यामुळं नेरळकरांनी हे घर पाहिलेलंच नव्हतं. साखरपुड्याला ते पहिल्यांदा इथं येणार होते. जयानं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.

"आई, मामाचं नाव?" अपेक्षानं विचारलं.

"रंगाखाली राहील की. जातंय कुठं?"

पण तेलाचा रंग जाड बसलेला. पांढऱ्याखालून अक्षरं उठून दिसू लागली, चादरीखाली कुणी निजल्यासारखी. वर लाल फुटून गुलाबी डाग यायला लागले. जया ब्रश घेऊन उभी राहिली. मॅडमच्या बंगल्यात कशावर कुणाचं नाव नव्हतं. नेरळची माणसं फ्लॅटात राहणारी. ती म्हणतील, हे काय, घरात ट्रक उभा केलाय?

तिनं पॉलिश पेपर घेतला. आधी पोपट गेले. मग अक्षरं एकेक करून. 'धा' सगळ्यात शेवटी गेला.

रंगाचे हात वाळल्यावर कपाट असं काही दिसू लागलं, की जया स्वयंपाकघरातून उगाच ये-जा करू लागली. तिच्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम ते. आरशाची चौकट, झिजलेल्या कडा, मधेच लाकडाचा मधाळ रंग. अपेक्षानं फोटो काढून हर्षदला पाठवला. त्याचं उत्तर आलं, कुठून घेतलं?

दोन दिवसांनी धाकलू आला. मोटारसायकलवर मागं बायको सुरभी, तिच्या मांडीवर सुक्या जवळ्याची पिशवी. अंगणातूनच त्याची बहिणीला हाक. "बाय! ए बाय! मामानं काय काय आणायचं ते एकदाच सांगून टाक. मागाहून बोल नको लागायला!"

"आधी आत तर ये."

"आलो. हे काय, माणसाला पाय ठेवायला भ्या वाटतं तुझ्या घरात. कुठली वस्तू मोडकी आन् कुठली मुद्दाम मोडकी, कळत नाय."

धाकलूची एक सवय होती. या घरात आलं की आधी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून केसांवरून हात फिरवायचा, मग उजव्या दारावरच्या पोपटांना बोटाच्या पेरानं ठकठक करायचं आणि विचारायचं, "काय रं, बरं हाय ना?" भाची लहान होती तेव्हा तिला हसवायला सुरू केलेलं. भाचीचं लग्न ठरलं तरी सुटलं नव्हतं.

त्यानं केसांवरून हात फिरवला. बोट उचललं. ते तसंच हवेत राहिलं.

"रंग दिला," जया म्हणाली. "साजरं दिसतंय ना?"

"साजरं दिसतंय."

तो ट्रंकेवर बसला. सुरभीनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि जवळ्याची पिशवी उगाचच उघडून परत बांधली. अपेक्षा चहा घेऊन आली.

"नको गं. उपास हाय."

"आज कसला उपास?" सुरभी म्हणाली.

"धरलाय आत्ताच."

मामानं काय आणायचं ते कुणी सांगितलं नाही, त्यानंही पुन्हा विचारलं नाही. गाडी सुरू झाली. सुरभी मागं वळून हात हलवत होती, तो सरळ पुढं बघत होता.

"रागावला काय हो?" जयानं प्रवीणला विचारलं.

"राग आला असता तर चहा पिऊन भांडला असता," प्रवीण म्हणाला. "हे दुसरं काहीतरी हाय."

जयाच्या माहेरी रीत अशी, की मुलीची सुपारी मामाच्या हातानं फुटते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, मामा अडकित्त्यानं सुपारी फोडतो, आणि मग सोयरीक पक्की. सख्खा मामा गावात असताना तो आला नाही, तर नेरळकर काय समजायचं ते समजतील. पण जयाला बोचलं ते त्यामुळं नव्हतं. धाकलू तीन वर्षांचा असल्यापासून तिच्या कडेवर वाढलेला. आई शेतावर, हा हिच्या गळ्यात. त्यानं तिच्या हातचा चहा कधी टाकला नव्हता.

ती चौकला गेली. धाकलूचं दुकान हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेत. ब्रशचं काम जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता मशीन रेडियम कापतं आणि धाकलू ते चिकटवतो. नंबरप्लेट, देवांची नावं, 'आई-बाबांचा आशीर्वाद'. जया आली तसा तो उठला, फडक्यानं स्टूल पुसलं.

"या ताई. बसा तुमी."

जया बसलीच नाही. "मला तुमी म्हनतोस?"

"पाव्हण्याला तुमीच म्हनतात. चहा सांगू?"

"धाकलू, अरे रंगच तर दिलाय. तू पन नंबरप्लेट बदलतोसच ना लोकांच्या?"

"बदलतो." तो रेडियमचा तुकडा नखानं सोलत राहिला. "ताई, एक विचारू? तुमच्या मॅडमच्या घरात कशावर कुनाचं नाव नसेल, नाय का?"

"नसतं."

"कसं असेल? सगळं विकत आणलेलं. देतंय कोन त्यांना?"

बाहेर एका ट्रकचा हॉर्न वाजला. धाकलू गिऱ्हाईक बघायला उठला. जया त्याच्या पाठीला म्हणाली, "सुपारीला येशील ना?"

"बघू. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक जास्त असतं."

"मामाशिवाय सुपारी कशी फुटायची?"

"नवनाथ हाय की. चुलत असला म्हणून काय झालं, मामाच तो. त्याची हौस पन हाय."

नवनाथची हौस सगळ्यांनाच ठाऊक होती. एखाद्या लग्नात माइक दिसला, की तो त्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय जेवत नसे. एरवी जया यावर हसली असती.

घरी येऊन ती कपाटासमोर बसली. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून स्वतःशी लपवाछपवी करायचंही कारण नव्हतं. रंग फुटत होता, अक्षरं उठून दिसत होती, हे सगळं खरं होतं. पण तेवढ्यासाठी तिनं लाकडापर्यंत घासलं नव्हतं. त्या टेबलावरून हात फिरवताना, कितीतरी हात लागलेत याला, म्हणून तिला कौतुक वाटायचं. ते हात कुणाचे ते तिला माहीत नव्हतं, बहुधा कुणाचेच नव्हते, कारखान्यात घासलेलं टेबल ते. आणि या दारावर एक हात होता, चांगला ओळखीचा.

प्रवीण जेवायला आला, तेव्हा जया खुर्चीवर चढून कपाटाच्या बिजागऱ्या सोडवत होती.

"आता काय? दार पन काढून टाकायचं? ही कुठली नवीन ष्टाईल?"

"मिनीडोर रिकामी हाय ना?"

"हाय. का?"

"धरा खालून."

दुपारच्या फेरीला मिनीडोरमध्ये मधोमध एक पांढरं दार उभं होतं आणि जया त्याला मिठी मारून बसली होती. समोर बसलेल्या म्हातारबानं विचारलं, "याचं तिकीट पुरं की अर्धं रं, प्रवीण?" सगळे हसले. जयाही हसली, पण दार सोडलं नाही.

धाकलूनं ते दुकानाच्या पायरीवर टेकलेलं पाहिलं.

"हे काय?"

"दार."

"दिसतंय. काय करू त्याचं?"

"लिही."

"काय लिहू?"

"होतं ते."

"हात बसत नाय आता, बाय." 'बाय' म्हटल्याचं त्याचं त्यालाच कळलं. मग जरा कडक आवाजात म्हणाला, "आन् तुझ्या त्या शॅबीचं काय? नेरळकर काय म्हनतील?"

"तेच म्हनतील म्हणून घासलं." जयानं दाराच्या कडेवरून हात फिरवला. "रंग फुटत होता हे खरं हाय. पन मला लाज वाटली रं. गावठी दिसेल म्हणून काढलं तुझं नाव. हे सांगायला आले."

धाकलूनं दार पायरीवर सरळ केलं. "आन् ते सांगायला दार काढून आणलंस?"

"नुसती आले असते तर परत तुमी म्हनाला असतास."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. पण तो हसला नाही. "घेऊन जा. मला नाय जमायचं. ब्रश पन वाळून लाकूड झालेत."

"मी नाय नेनार. तू आनशील तेव्हा येईल घरी."

"आन् कपाट?"

"उघडं राहील. कुनी विचारलं तर सांगेन, दार भावाकडं हाय."

आणि ती प्रवीणच्या गाडीत जाऊन बसली. मागं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उतरावं लागलं असतं.

साखरपुड्याच्या तयारीत दिवस गेले. अंगण सारवून झालं, झेंडूच्या माळा झाल्या. घर जसं हवं होतं तसं सजलं, आणि मधोमध ते कपाट, अर्धं तोंड उघडं. आत घड्या घातलेल्या गोधड्या, डबे, प्रवीणचे जुने स्वेटर. अपेक्षा रडकुंडीला आली.

"आई, निदान पडदा लावूया की. लुगड्याचा. छान दिसेल, खरंच."

"छान दिसेल. म्हणूनच नको."

"म्हणजे?"

"पडदा लावला की तो आला नाय तरी भागलं, असं होतं. नाय भागत."

साखरपुड्याच्या सकाळी नवनाथ सगळ्यांच्या आधी हजर. इस्त्रीचा कुर्ता, खिशाला पेन, अत्तराचा वास. "सुरभीवहिनी म्हनाली धाकलूचं काय नक्की नाय. मी हाय ना! अडकित्ता कुठाय? आधी धार बघून ठेवतो." तो अडकित्ता हातात घेऊन अंगणभर फिरू लागला. वाटेत भेटेल त्याला सांगू लागला, की हल्लीच्या सुपाऱ्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

जया कढईतल्या शिऱ्यावर लक्ष ठेवून होती. कान रस्त्याकडं. प्रवीण वळणावर जाऊन उभा होता, नेरळकरांची वाट बघायला म्हणून. तो नेमका कुणाची वाट बघतोय ते जयाला कळत होतं.

टेंपोचा आवाज आला. प्रवीण धावतच आला. "नेरळकर नाय गं! दार आलं!"

धाकलू टेंपोतून उतरला. नवा पांढरा शर्ट, आणि दहाही बोटं लाल. सुरभी मागून ताटं घेऊन उतरत होती. चादरीत गुंडाळलेलं दार त्यानं पडवीत टेकवलं, पण चादर सोडेना.

"नाय जमलं, बाय. आधीच सांगतो."

"बघू तर दे."

"रोज लिहिलं. लिहायचं, नाय आवडलं की रॉकेलनं पुसायचं. 'बंधू'पर्यंत बरं जातं. पुढं ओळ वाकडी जाते. पोपट तर कोंबडीसारखे झाले."

"कोंबडीसारखे नाय," सुरभी म्हणाली, "कोंबडी बरी."

"आज सकाळी परत लिहायला बसलो, तर ही म्हनाली, तिकडं सुपारी फुटंल तुमच्याशिवाय, अक्षर काय कवटाळून बसलाय. मग तेही पुसलं." त्यानं चादर ओढली. "रंगाचा डबा दे. पांढरा मारतो वरनं, तू केलं होतंस तसं करून देतो."

दारावर एकही अक्षर नव्हतं. पांढऱ्यावर लाल लावून पुसलेलं, पुन्हा लावून पुन्हा पुसलेलं. मधोमध कोकमाच्या सरबतासारखा एक गुलाबी ढग तयार झाला होता. कुठं त्यात एखाद्या काना-मात्रेची सावली, कुठं पिवळ्याची एक रेघ, आणि एका कडेला त्याच्या चार बोटांचे ठसे. जया बघत राहिली. मेणबत्ती, चहाचं पाणी, पॉलिश पेपर, सगळं करून तिला जे साधायचं असायचं आणि दर वेळी थोडक्यात हुकायचं, ते या दारावर होतं, आणि करणाऱ्याला ते पुसून टाकायचं होतं.

"डबा कुठाय गं?"

"हात लावशील तर बघ."

"अगं पन काहीच वाचता येत नाय."

"बिजागऱ्या काढ आधी खिशातनं. असतील ना? मी त्या दाराबरोबरच ठेवल्या होत्या."

असतील म्हणजे होत्याच. जयानं खांदा लावून दार उचललं, धाकलू स्क्रू ड्रायव्हर घेऊन गुडघ्यावर बसला. खालची बिजागरी बसली. वरचीचे दोन स्क्रू झाले, आणि अंगणात गाड्या लागल्या. प्रवीणचं "या या या" ऐकू आलं, चपलांचा आवाज, बांगड्यांचा आवाज. जयाला दार सोडता येईना आणि पदर नीट करायला हात नाही.

सगळ्यात पुढं हर्षदची आत्या, गोदूबाई. नऊवारी, हातात काठी, नजर सगळीकडं. उंबऱ्यात थबकली, सगळेच थबकतात तशी. मग कपाटाकडं पाहून म्हणाली, "मिस्त्रीचं काम उरकायचंय वाटतं अजून?"

धाकलू उठू लागला. त्यानं बोटं पाठीमागं लपवली.

"मिस्त्री नाय, आत्याबाई," जया दारामागूनच म्हणाली, आणि चांगली मोठ्यानं म्हणाली, अंगणातल्यांनाही ऐकू जावं अशी. "हे मुलीचे मामा. माझा सख्खा भाऊ, धाकलू. हे कपाट त्यानंच दिलंय मला, माझ्या लग्नात."

"हां, हां." गोदूबाई जवळ आली. काठी बगलेत धरून तिनं दारावरून हात फिरवला, सावकाश, कापड बघतात तसा. "आन् हे लाल काय सांडलंय?"

धाकलूनं तोंड उघडलं. जया आधी बोलली. "नाव हाय त्याचं."

"मला तर वाचता येत नाय."

"मला येतं."

गोदूबाईनं आधी जयाकडं पाहिलं, मग धाकलूच्या पाठीमागं गेलेल्या हातांकडं. "मामा, बोटं कशाला लपवता? आमी काय पोलीस हाव?" सगळे हसले. "बसा आता. सुपारी फोडायची ना?"

"एक स्क्रू राहिलाय," धाकलू म्हणाला.

"राहू दे की," जया म्हणाली. "दार कुठं पळून जातंय आता."

नवनाथनं अडकित्ता दिला, पण सोडताना जरा वेळ धरून ठेवला. "धार बघितलीय मी," त्यानं सगळ्यांना सांगितलं. "चांगली हाय. माझ्यामुळं."

पाटावर अपेक्षा आणि हर्षद बसले. धाकलू मांडी घालून समोर बसला. सुपारी घेतली, कपाळाला लावली. अडकित्ता धरला. मग कडक असा एक आवाज झाला. सुपारीचे दोन तुकडे ताटात पडले, दोन्हींवर लाल बोटांचे ठसे. गोदूबाईनं एक उचलून पदराच्या टोकाला बांधला.

"चहा आन गं," धाकलू म्हणाला. "सकाळधरनं पोटात काय नाय."